मुक्काम सव्वीस ऑगस्टपर्यंत

१ एप्रिल १८९३, शनिवार. विनफर्ड.

नवी वही. जुनी अर्धी कोरी होती, पण मोसम नवा तर वही नवी. रोज लिहिणार. थोडक्यात, आणि खरं तेच.

आधी परिस्थिती नोंदवून ठेवतो. मी लायोनेल क्रॅडक, वय एकतीस, बटरिक बियाणेवाले यांच्याकडे दुय्यम कारकून (तात्पुरता). जन्म नदीपलीकडच्या काउंटीतला, थॉर्नलीचा. तिथल्या निवड कमिटीने मला एकदाच खेळताना पाहिलं. दोन डाव, दोन भोपळे. त्यातला दुसरा भोपळा फार चांगल्या चेंडूवरचा होता, हे मी त्यांना स्वतः जाऊन समजावलं, पण ऐकायची तयारी नाही. म्हणून नदी ओलांडून इकडच्या काउंटीत आलो. इकडच्यांची फलंदाजी पाचव्या गड्यानंतर लंगडी पडते, हे पेपर वाचणाऱ्या कुणालाही माहीत आहे.

नियम सरळ आहे. काउंटीकडून खेळायचं तर तिथे जन्माला यावं, नाहीतर दोन वर्षं राहावं. मी आलो २६ ऑगस्ट १८९१ ला. म्हणजे येत्या सव्वीस ऑगस्टला पात्र. उरलेल्या रात्री १४७.

रात्री मोजतो, कारण राहणं म्हणजे झोपणं. दिवसा माणूस कुठेही हिंडेल. उद्या कुणी शंका काढली तर हातात पुरावा हवा, म्हणून पहिल्या दिवसापासून रजिस्टर ठेवलंय. घरमालकीणबाई मिसेस हॉबडे रोज सकाळी चहा ओतून झाला की त्यात सही करतात, 'काल रात्री घरीच'. आज पाचशे चौऱ्याऐंशी सह्या पूर्ण. सही करता करता बाई म्हणाल्या, तुरुंगात असता तर चांगल्या वागणुकीबद्दल एव्हाना सोडून दिलं असतं हो तुम्हाला. बाईंना विनोदाची हौस आहे.

संकल्प: थंड पाण्याची आंघोळ. पुडिंग बंद. आरशासमोर रोज बॅटचे दोनशे फटके.

३ एप्रिल.

फटके एकशे दहा झाले. एकशे अकराव्याला तोंड धुवायचा जग फुटला. फटका मात्र निर्दोष होता, अगदी सरळ बॅटने. मिसेस हॉबडे म्हणतात, यापुढे सराव अंगणात. अंगणात मांजर आहे आणि कपडे वाळत असतात. आता मनातल्या मनात करणार. जाणकार म्हणतात निम्मा खेळ मनातच असतो.

९ एप्रिल, रविवार. रात्री उरल्या १३९.

थॉर्नलीला हेट्टीकडे गेलो. (हेन्रिएटा वीवर. साखरपुड्याला चार वर्षं होतील.) दिवस छान गेला. परतीची शेवटची गाडी सहा चाळीसची आणि वीवरांकडे रात्रीचं जेवण सातला, त्यामुळे नेहमीप्रमाणे जेवण हुकलं. हेट्टी म्हणाली, आईला आता खात्रीच पटलीये, की तुला काहीतरी आजार आहे आणि तो दिवस मावळला की उलटतो. मी हसलो. ती हसली नाही.

मग तिने लग्नाच्या तारखेचं काढलं. मी म्हटलं, आधी काउंटीकडून एक सामना, मग लगेच तारीख. ती म्हणाली, तारीख गेल्या सप्टेंबरातली ठरली होती, आठवतंय का. आठवतंय. पण आठवणं वेगळं आणि नियम वेगळा. जाताना विचारत होती, तुझ्या काउंटीचे सेक्रेटरी कर्नल बॉइड म्हणजे आमच्या वॉल्टरकाकांबरोबर मासे धरायला जातात तेच का. असतील. बायकांना असल्या बारीकसारीक गोष्टींत रस असतो.

२९ एप्रिल, शनिवार.

विनफर्ड टाउन क्लबचा पहिला सामना, अग्निशमन दलाविरुद्ध. माझ्या सतरा धावा. बाद झालो तो झेल जमिनीला लागलेला होता, हे झेल घेणारा सोडून सगळ्यांनी पाहिलं असणार. पिमच्या एकसष्ट. पिम हा आमचा केमिस्ट आणि सलामीचा फलंदाज. जन्म इथलाच, विनफर्डचा. म्हणजे काउंटीसाठी पात्र व्हायला त्याला काडीचे कष्ट पडले नाहीत, नुसतं जन्माला यावं लागलं. आणि बेट्याला काउंटीकडून खेळायची इच्छाही नाही. म्हणतो, दुकान कोण बघणार.

दात नाहीत त्याला चणे.

२२ मे, सोमवार. रात्री उरल्या ९६.

सणाची सुट्टी. नदीपलीकडे पॅडवर्थ गावाशी सामना. पाऊस महिनोन्‌महिने नाही, पिच विटेसारखं कडक. जिंकायला एकशे अठ्ठेचाळीस हवे होते. संध्याकाळी आमचे सात बाद एकशे एकतीस आणि पुढचा नंबर माझा. मी पॅड बांधून बसलेलो. तेवढ्यात घड्याळ पाहिलं तर सहा वाजून दहा मिनिटं. शेवटची गाडी सहा पंचवीसला. बाकीची मंडळी घोडागाडीने सावकाश परतणार होती, आणि वाटेत तीन दारूची दुकानं आहेत, त्यामुळे ती कधी पोचतील याचा नेम नाही.

पॅड बांधलेलेच ठेवून पळालो. गाडी मिळाली.

२३ मे.

तीन धावांनी हरलो म्हणे. शेवटचा गडी खेळायलाच नव्हता. पिम दुकानातून रस्त्यावर येऊन मला म्हणाला, अरे क्रॅडक, साप मागे लागला होता की सावकार. मी शांतपणे नियम समजावला. तो म्हणाला, तुझ्या रात्री मोजत बसलंय कोण. मी म्हटलं, मीच. त्याने आत जाऊन खोकल्याच्या औषधाची एक बाटली आणली आणि फुकट दिली. मला खोकला नाही.

पॅड क्लबचे आहेत, परत केले पाहिजेत.

१० जून.

पुढचे चार सामने विश्रांती. क्लबनेच कळवलं. बरंच झालं, ऑगस्टसाठी ताजातवाना राहीन. सरासरी सध्या नऊ. पण अन्यायाने बाद दिलेले डाव वगळले तर एकतीस. कर्नल बॉइड यांना सविस्तर पत्र पाठवलं. हे सातवं.

संध्याकाळी फिरत पुलापर्यंत गेलो. पुलाच्या मधोमध दगडावर रेघ कोरलीये, तिच्या पलीकडे दुसरी काउंटी. रेघेशी थोडा वेळ उभा राहिलो. उकडत होतं. पलीकडे वारा होता असं वाटलं, पण ते तसं वाटतंच.

६ जुलै, गुरुवार. रात्री उरल्या ५१.

राजघराण्यातलं लग्न म्हणून देशभर सुट्टी. हेट्टीची धाकटी बहीण रोझ हिनेही आजचाच मुहूर्त धरला. मी सकाळीच थॉर्नलीत. कोट नवा. नवरीमुलीला शुभेच्छांचं भाषण माझ्याकडे होतं. आठ दिवस खपून लिहिलेलं, दोन ठिकाणी विनोद. पण भाषणं जेवणानंतर, आणि जेवण सातला. सहा वाजता भाषणाचा कागद वॉल्टरकाकांच्या हातात दिला आणि निघालो.

हेट्टी स्टेशनपर्यंत आली. लग्नातल्या कपड्यांत, फुलं माळलेली. फलाटावर म्हणाली, आज एक रात्र राहा. आज नाच आहे. लोक मला विचारतील की नाचायला कोण आहे, आणि मी काय सांगू, त्याला झोपायला जायचंय? मी म्हटलं, हेट्टी, फक्त एक्कावन्न. ती म्हणाली, एक्कावन्न काय? मी म्हटलं, रात्री. मग तिने माझी कॉलर नीट केली. कॉलर नीटच होती.

केकचा तुकडा खिशात होता, गाडीत खाल्ला. निम्मा उरला. केक कोरडा असावा.

८ जुलै.

वॉल्टरकाकांनी माझं भाषण जसंच्या तसं वाचलं म्हणे. 'मी हेट्टीचा भावी पती या नात्याने' हेसुद्धा. खूप हशा झाला. विनोद पोचले याचं समाधान आहे.

२३ जुलै, रविवार. रात्री उरल्या ३४.

वीवर कुटुंब पंधरा दिवस समुद्रावर गेलंय. मलाही बोलावलं होतं. टाइमटेबल घेऊन दोन संध्याकाळी बसलो आणि मार्ग काढला: पहाटे निघायचं, तीन गाड्या बदलायच्या, दुपारी एकला पोचायचं, एक पंचवीसच्या गाडीने परत. शक्य आहे.

शक्य होतं, पण दुसरी गाडी अठरा मिनिटं उशिरा. समुद्र सात मिनिटं पाहिला. हेट्टी वाळूवर टोपलीतून जेवण काढत होती. मला बघून तिचा चेहरा उजळला, मग माझ्या हातातलं घड्याळ दिसलं. अंड्याचं सँडविच हातात देऊन म्हणाली, धावत खा.

समुद्र चांगला आहे.

१३ ऑगस्ट.

आज मिसेस हॉबडेंनी सही करता करता पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, मिस्टर क्रॅडक, एक विचारू का, रागावू नका. माझे हे होते ना, त्यांनाही असंच होतं. बोटीवर जायचं, अमेरिकेला जायचं. फक्त पाय बरा होऊ दे म्हणायचे. पाय बरा झाला त्याला वीस वर्षं झाली होती. मी म्हटलं, माझे पाय ठणठणीत आहेत. त्या म्हणाल्या, हो, तेच म्हणतेय मी. आणि सही केली.

बाईंचं बोलणं कधी कधी भरकटतं.

बातमी: काउंटीचे हौशी खेळाडू दरवर्षीप्रमाणे रानकोंबड्यांच्या शिकारीसाठी स्कॉटलंडला निघालेत. जागा रिकाम्या होणार. सगळं माझ्या हिशोबाने चाललंय.

२१ ऑगस्ट, सोमवार. सकाळी. रात्री उरल्या ५.

तार. कर्नल बॉइड यांची. उतरवून घेतो: 'तीन जण शिकारीला. गुरुवारपासून थॉर्नलीत सामना. खेळणार का. उत्तराचे पैसे भरलेत.'

पाच वेळा वाचली. अग्निशमन दलाविरुद्धच्या सतरा धावांची कीर्ती शेवटी पोचली म्हणायची.

तीच. दुपारी.

अडचण आहे. गुरुवार म्हणजे चोवीस. मी पात्र होणार सव्वीसला. शिवाय खेळ संपतो साडेसहाला, मैदान गावाच्या दुसऱ्या टोकाला, गाडी सहा चाळीसची. म्हणजे दोन रात्री पलीकडे झोपणं आलं. सातशे सव्वीस रात्रींवर पाणी.

मिसेस हॉबडेंना सांगितलं. त्या म्हणाल्या, जा हो तुम्ही, मी करते त्या दोन सह्या. देवाला कळेल, कर्नलला नाही, आणि देवाचं मी बघून घेईन. ती मुलगी तिथेच राहते ना? मग विचार कसला करताय, बॅग भरा. असं म्हणून त्या खरोखरच माझे पायमोजे आणायला गेल्या. मी म्हटलं, बाई, खोट्या सह्यांवर काउंटीकडून खेळणारा मी माणूस नव्हे.

तार लिहायला घेतली तर तीन कोरे फॉर्म खराब झाले. पोस्टात फार उकडतं. थॉर्नलीचं तेच मैदान, दोन भोपळ्यांचं. त्याचा इथे काही संबंध नाही. उत्तर पाठवलं: 'नियमानुसार शनिवारी पात्र. सामन्याच्या तिसऱ्या दिवशी सकाळपासून खेळू शकतो. क्रॅडक.'

पाठवल्यावर फार हलकं वाटलं. रात्री पुडिंग दोनदा घेतलं.

२३ ऑगस्ट.

माझ्या जागी पिम चाललाय. कर्नल स्वतः गाडी घेऊन त्याच्या दुकानात आले होते. दुकान मेहुणा बघणार. पिम जाताना विचारत होता, तुझी ती बॅट देतोस का, माझीला चीर गेलीये. दिली. तत्त्वाच्या माणसाने मन मोठं ठेवावं.

२४ ऑगस्ट, गुरुवार.

कागदवाल्याच्या दुकानाच्या खिडकीत तारेने आलेला स्कोअर लावतात. दुपारच्या सुट्टीत गेलो. पिम नाबाद १२. चार वाजता बिलं पोचवायच्या निमित्ताने पुन्हा गेलो. पिम झेलबाद ३८. खिडकीसमोर बरीच गर्दी. कुणीतरी म्हणालं, बघा आपल्या केमिस्टाने नाव काढलं. मी सांगितलं की बॅट माझी आहे. लोक स्कोअरच बघत राहिले.

अडतीस धावा त्या पिचवर काहीच नव्हेत. मी असतो तर.

२६ ऑगस्ट, शनिवार.

सातशे एकतीस. शेवटची सही. मिसेस हॉबडेंनी केक केला होता, आणि सहीखाली बारीक अक्षरांत 'सुटलात' असंही लिहिलं. मी आता इकडच्या काउंटीचा पात्र फलंदाज.

पुलावर गेलो, रेघ ओलांडली, पलीकडच्या टोकापर्यंत चालत गेलो. तिथे एक गाय होती. परत आलो.

सामना आपण हरलो. पिम दुसऱ्या डावात २७.

२८ ऑगस्ट, सोमवार.

रजा काढून कर्नल बॉइड यांच्या घरी गेलो. रजिस्टरचे तिन्ही खंड बरोबर नेले. कर्नल गुलाब छाटत होते. म्हणाले, क्रॅडक, क्रॅडक, हां, तुम्हाला ताप आला होता ना? मी म्हटलं, ताप नाही साहेब, नियम. आणि रजिस्टर उघडलं. त्यांनी हातमोजे काढून बरीच पानं उलटली. मग हळूच विचारलं, या हॉबडेबाई कोण, आणि रोज सही का करतात.

मी समजावलं. कर्नलांनी रजिस्टर मिटलं. मग म्हणाले, अहो, तुमचं पहिलं पत्र आलं होतं, विनफर्डला खोली घेतली म्हणून. ते जुलै एक्याण्णवचं. आम्ही तेव्हापासून धरलं. तुम्ही गेल्या महिन्यातच पात्र झालात. आणि रात्री? रात्री कोण मोजतो? आमच्यातले निम्मे लंडनला झोपतात. कॅप्टन अख्खा हिवाळा कैरोत होता. इथे बिऱ्हाड असलं की झालं.

मी उभाच होतो. कर्नल भला माणूस, त्यांनी बसायला सांगितलं. म्हणाले, खरं सांगू का, तुमचा खेळ मी पाहिलेला नाही. पण वॉल्टर वीवर तीन रविवार नदीवर माझ्या कानाशी लागला होता, त्यात मासा एक मिळाला नाही. आणि त्याच्या पुतणीचंही पत्र आलं, फार चांगलं पत्र. सामना थॉर्नलीतच आहे तर एकदा खेळवा म्हणून. मुलीने एवढी खटपट केली, म्हणून म्हटलं बघू या. पुढच्या वर्षीचं विचारलं. म्हणाले, पिम चांगला निघाला. तुम्ही एप्रिलमध्ये पत्र टाका.

गाडीत विचार केला. कर्नलांना नियमांची नीट माहिती नाही, हे उघड आहे. सेक्रेटरीच असा असेल तर काउंटीचं कठीण आहे. हेट्टीला जाऊन सगळं सांगायचं. ती हसेल. या रविवारी रात्रीचं जेवण तिच्याकडे.

३० ऑगस्ट, बुधवार.

तिचं पत्र. उतरवून घेतो, म्हणजे शांतपणे विचार करता येईल.

'प्रिय मिस्टर क्रॅडक, गुरुवारी सकाळी अकराला मी मैदानावर होते. सामन्याच्या कार्डावर तुमचं नाव छापलेलं होतं. मला वाटलं गाडी चुकली असेल. जेवणाच्या सुट्टीपर्यंत मी तसंच धरून चालले. मग मिस्टर पिम येऊन टोपी काढून उभे राहिले. ते म्हणाले की तुम्ही घरी आहात, प्रकृती ठीक आहे, आणि शनिवारी सकाळी यायला तयार आहात. त्यांनाच माझ्यासाठी वाईट वाटत होतं. आईने मागची खोली तुमच्यासाठी लावली होती. दोन रात्री. मी तिला सांगितलं होतं की या वेळी ते नक्की राहतील.

तुम्ही मला कधी फसवलं नाहीत, हे मी कुणालाही सांगेन. पण सव्वीस तारखेनंतर तुम्ही दुसरा एखादा नियम शोधला असता, हे आता मला कळलंय. मी सत्तावीस वर्षांची आहे. उत्तर पाठवू नका आणि येऊ नका. हेन्रिएटा वीवर.'

चार वर्षांत तिने मला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

३१ ऑगस्ट.

उत्तराचे तीन मसुदे केले. पहिल्यात नियमाचं कलम दिलं होतं. तिन्ही फाडले. बटरिकसाहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना. सलगमाच्या ऑर्डरवर मी गाजराचं बी पाठवलं होतं.

२ सप्टेंबर, शनिवार.

अर्धा दिवस सुट्टी. मोसम संपला. मिसेस हॉबडे म्हणाल्या, जा कुठेतरी दोन दिवस, आता तुम्हाला कुणाची बंदी आहे. बॅग त्यांनीच भरली. स्टेशनवर गेलो. खिडकीवरच्या माणसाने विचारलं, कुठलं देऊ. मला नाव सुचेना. थॉर्नलीला जायचं नाही. आईवडील नाहीत. वीवरांपैकी कुणी मला आता कशाला बोलावणार नाही, आणि त्यांच्याशिवाय मला बोलावणारं कुणी नव्हतंच. दोन वर्षं मी एकूणएक गावाची शेवटची गाडी पाठ केली होती, कुठे जायचं ते मात्र एकदाही ठरवलं नव्हतं. मागे कोंबड्यांची टोपली घेतलेली एक बाई होती. ती म्हणाली, साहेब, तुम्हाला गाव आठवत नसेल तर बाजूला व्हा, मला आठवतंय.

बाजूला झालो. बाकावर बसलो. पिमच्या त्या अडतीस धावा मी काढल्या नसत्या. पहिल्याच चेंडूवर गेलो असतो, आणि तरीही ती टाळ्या वाजवत बसली असती. मला हे तार लिहिताना माहीत होतं. दोन वर्षं मला इथे कुणीही अडवलेलं नव्हतं.

चारची गाडी आली आणि गेली. मग सहा पाचची. दोन्ही गाड्यांत बरीच जागा होती.